आकाशातील डोळा आणि काठावरचा माणूस

खडकीच्या होळकर पुलावरून खाली मुळेकडे पाहताना समुद्राची आठवण कोणाला होणार? कोकणच्या खाड्या घाटापलीकडे राहिल्या. आपल्या मुळेचे पाणी तर भीमा-कृष्णेच्या वाटेने पूर्वसमुद्राकडे जाते. मग खारफुटीशी आपला संबंध काय, असे कोणी विचारील. परंतु कृष्णेच्या मुखाशीही खारफुटीची जंगले आहेत, आणि वरून येणारे गोडे पाणी आटले की तीही खंगतात.

भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था १९८७ पासून उपग्रहचित्रांवरून देशातील खारफुटी मोजत आली आहे. निरोगी पान लाल प्रकाश शोषते आणि आपल्या डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण परत फेकते. झाड खंगले की हा फरक कमी होतो. शेकडो मैलांवरून झाडाची नाडी पाहण्याचीच ही विद्या! पहिल्या मोजणीत महाराष्ट्राची खारफुटी १४० चौरस किलोमीटर भरली. २०१९ च्या अहवालात ३२०. आकडा सुखावणारा खरा. पण जुनी चित्रे ढोबळ होती, तेव्हा सारी वाढ नव्या झाडांचीच असे मानणे भाबडेपणाचे ठरेल.

याहून मोठी अडचण निराळीच आहे. या मोजणीत एक हेक्टरहून लहान तुकडा धरला जात नाही. एक हेक्टर म्हणजे अडीच एकर! राडारोड्याच्या भरावाने भरतीची वाट अडते, मागची झाडे उभ्या उभ्या वाळतात, आणि आकडा मात्र जागचा हलत नाही. शिवाय अहवाल निघतो सुमारे दोन वर्षांनी. खारफुटीचा नाश हा नागरिकांच्या जगण्याच्या हक्कावरील घाला आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली म्हटले. घाला पडल्यावर दोन वर्षांनी जाग येऊन काय उपयोग?

आज सेन्टिनेल-२ उपग्रहांची दहा मीटर बारकाईची चित्रे दर थोड्या दिवसांनी विनामूल्य मिळतात. पावसाळी ढगांतून रडार पाहू शकते. उणीव यंत्राची नाही, वाचणाऱ्यांची आहे. ही चित्रे खाडीकाठच्या ग्रामपंचायतींत, सोप्या मराठीत पोचली पाहिजेत. झाड सुकले हे उपग्रह सांगेल. ते का सुकले हे काठावरचा कोळीच सांगेल.

आणि त्या दोघांच्या मध्ये दुभाषा लागतो. मित्रहो, ते काम कला शाखेच्या विद्यार्थ्यांचे नाही तर कोणाचे?