डार्क रोमान्स वाचणं हा आजार नाही

"डॉक्टर, मला असली पुस्तकं आवडतात. माझ्या डोक्यात काही बिघाड तर नाही ना?"

हा प्रश्न बहुतेक वेळा तपासणी संपल्यावर, दाराशी जाता जाता, हळूच विचारला जातो. असली पुस्तकं म्हणजे डार्क रोमान्स. नायक गुंड, खुनी किंवा नायिकेचा पाठलाग करणारा. धमक्या, अपहरण, जबरदस्ती आणि शेवटी प्रेम. एच. डी. कार्लटन यांची 'हाँटिंग अ‍ॅडलिन' (२०२१) ही त्यातली गाजलेली कादंबरी.

उत्तर सरळ आहे: नाही, बिघाड नाही.

कल्पना म्हणजे इच्छा नव्हे

बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा वाचणाऱ्यांना कुणी खुनी ठरवलं नाही. नारायण धारपांच्या भयकथा रात्री जागून वाचणाऱ्याला खरंच भूत भेटावं असं वाटत नसतं. मग बाईने काळोखी प्रेमकथा वाचली की लगेच तिच्या चारित्र्याची चौकशी का?

पुस्तकातली भीती सुरक्षित असते. छाती धडधडते, पण आपण घरात आहोत हे मेंदूला ठाऊक असतं. नायिकेच्या हातात काही नसेल, वाचणारीच्या हातात सगळं असतं. नको वाटलं की पुस्तक बंद! खऱ्या अत्याचारात नेमका हाच हक्क हिरावला जातो.

जबरदस्तीच्या कल्पना मनात येणं दुर्मीळही नाही. अमेरिकेतल्या क्रिटेली आणि बिव्होना या संशोधकांनी २००८ साली तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात ३१ ते ५७ टक्के स्त्रियांनी अशा कल्पना येत असल्याचं सांगितलं होतं. या स्त्रियांना प्रत्यक्षात अत्याचार हवा असतो, असा अर्थ त्यातून काढणं साफ चूक आहे.

"पण वाचून बिघडतातच ना?"

यासाठी अमेरिकेतल्या २०१४ च्या एका अभ्यासाचा दाखला दिला जातो. 'फिफ्टी शेड्स' वाचलेल्या १८ ते २४ वर्षांच्या मुलींमध्ये त्रास देणारा जोडीदार असल्याचं प्रमाण जास्त आढळलं. पण आधी पुस्तक आलं की आधी त्रास, हे त्या अभ्यासावरून ठरवता येत नाही. पावसात छत्र्या जास्त दिसतात म्हणून छत्र्यांमुळे पाऊस पडतो का?

खरा धोका लाजेत आहे

"तुला हेच आवडतं ना? वाचतेस तर सगळं!" असं म्हणून नवरा किंवा मित्र जबरदस्ती करतो, आणि पुस्तकाची लाज वाटत असल्याने ती गप्प बसते. म्हणून ठासून सांगतो: पुस्तक आवडणं म्हणजे संमती नव्हे. संमती त्या क्षणी, त्या व्यक्तीला द्यायची असते आणि ती केव्हाही मागे घेता येते. वाचणाऱ्या बाईला हिणवणारे सासू, नवरा आणि आमचे काही डॉक्टरही त्या गप्प बसण्याला हातभार लावतात.

काळजी कुठे घ्यायची?

• गळा दाबणं: या कादंबऱ्यांत ते प्रेमाचा खेळ म्हणून येतं. प्रत्यक्षात काही सेकंदांत शुद्ध हरपू शकते. बाहेर खूण नसतानाही मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते. याची सुरक्षित पद्धत नाही. असं घडलं असेल आणि आवाज बसला, गिळताना दुखलं किंवा चक्कर आली, तर लगेच रुग्णालयात जा.

• जुना आघात: पूर्वी अत्याचार सोसला असेल आणि वाचताना ते प्रसंग पुन्हा डोळ्यांपुढे येऊन घाम फुटत असेल, तर पुस्तक ठेवून द्या आणि मानसोपचारतज्ज्ञांशी बोला. टेलिमानस १४४१६ ही मोफत सेवा आहे.

• वय: ही पुस्तकं प्रौढांसाठी आहेत. मुलीच्या हाती दिसलं तर हिसकावू नका. गोष्टीतला नायक आणि खरा त्रास देणारा मुलगा यांतला फरक तिच्याशी बोला.

• झोप: रोज पहाटेपर्यंत वाचन चालत असेल, तर पुस्तक कुठलंही असो, तब्येत बिघडणारच.

पुस्तकातला राक्षस शेवटच्या पानावर संपतो. घरातला संपत नसेल, तर १८१ या महिला हेल्पलाइनला फोन करा. तिथे तुम्ही काय वाचता याने काही फरक पडत नाही.