काडेपेटीतून अंतराळयान

काड्यांचे मोठे अंतराळयान उभारताना पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय प्रमाणाचा असतो. अमेरिकेचे स्पेस शटल हे यासाठी उत्तम उदाहरण. त्यातले कक्षेत जाऊन परतणारे यान 37.24 मीटर लांब होते आणि पंखांचा विस्तार 23.79 मीटर होता. एकास शंभर प्रमाणात ते टेबलावर मावेल, पण दोन मिलिमीटर जाडीची काडी तिथे 20 सेंटिमीटरच्या तुळईएवढी ठरेल. खिडक्या, झडपा, दारांच्या फटी सगळे त्या जाडीत बुजून जाईल. एकास दहा प्रमाणात प्रतिकृती पावणेचार मीटरच्या आसपास जाते आणि काडीची जाडी प्रत्यक्षातल्या दोन सेंटिमीटरएवढी होते. मग तपशील बोलू लागतात. या कलेत आकार मोठा घ्यावा लागतो तो मुख्यतः या कारणाने, दिपवण्यासाठी नव्हे.

शटलच काड्यांना इतके का मानवते, याचे उत्तर त्याच्या अंगावरच आहे. वातावरणात परतताना होणारी उष्णता झेलण्यासाठी त्यावर सुमारे 24 हजार फरशा एकेक करून चिकटवलेल्या होत्या. पोटाकडच्या काळ्या फरशा साधारण 15 सेंटिमीटर बाजूच्या. एकास दहा प्रमाणात ही बाजू दीड सेंटिमीटर होते, म्हणजे दीड सेंटिमीटरचे सात-आठ तुकडे शेजारी शेजारी लावले की एक फरशी तयार. छोट्या तुकड्यांतून मोठे अंग घडवण्याची रीत मूळ यानात आणि प्रतिकृतीत एकच असल्याने इथे काडी नक्कल वाटत नाही.

आता हिशेब. काडी चार सेंटिमीटर लांब धरली तर एक चौरस मीटर झाकायला 12,500 काड्या लागतात. एकास दहा शटलचा बाह्य पृष्ठभाग ढोबळमानाने अकरा चौरस मीटर. एका थराला सव्वा लाखाहून जास्त आणि मजबुतीसाठी दुसरा आडवा थर दिला तर पावणेतीन लाखांच्या घरात काड्या. पेटीत 40 काड्या धरल्या तर पावणेसात हजारांहून अधिक पेट्या झाल्या. एवढे लाकूड मात्र सतरा-अठरा किलोच भरते. सरस आणि सांगाडा वेगळा.

काडी लाकडाचीच हवी. मेणाची काडी सरस धरत नाही. भारतात काड्यांसाठी सावर, महारुख, पॉप्लर अशी मऊ लाकडे वापरली जातात. महाराष्ट्रात एकेकाळी अंबरनाथचा विमकोचा कारखाना काडेपेटीसाठी ओळखला जाई. आज हा व्यवसाय मुख्यतः तमिळनाडूतल्या शिवकाशी, सातूर, कोविलपट्टी भागात आहे.

काडीच्या टोकाचा गुल ठेवायचा की काढायचा, हा प्रश्न निव्वळ दिसण्याचा नाही. गुलात पोटॅशियम क्लोरेट असते आणि पेटीच्या कडेला तांबडा फॉस्फरस. हजारो गुल कोरडे कापून एका डब्यात साठवणे म्हणजे घरात आग साठवणे. ज्यांना पेटीतल्याच काड्या वापरायच्या आहेत त्यांनी त्या आधी पाण्यात भिजवून मगच गुल काढावेत आणि काड्या सावलीत पसरून पूर्ण वाळवाव्यात. बिनगुलाच्या काड्या विकत मिळतात, त्या घेणे सर्वांत शहाणपणाचे. फ्रान्सच्या रिशार प्लो यांनी सात लाखांहून अधिक काड्यांचा 7.19 मीटर उंच आयफेल टॉवर उभारला, तेव्हा त्यांनी कारखान्याकडून बिनगुलाच्या काड्या मिळवल्या होत्या. या काड्या बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या नाहीत म्हणून 2024 मध्ये गिनेसने काड्यांच्या सर्वांत उंच शिल्पाचा विक्रम आधी नाकारला आणि लगेच भूमिका बदलून मान्य केला. तो बदल योग्यच होता.

यानाचा खरा कस सांगाड्यात आहे. काड्या एकमेकींवर चिकटवून आधी जाड पट्ट्या करतात, त्यांतून आडव्या फासळ्या कापतात आणि मधोमध लांब कणा देतात. थरांतील सांधे एकाखाली एक येऊ देत नाहीत. पांढरा सरस पातळ लावून शिकंज्यात रात्रभर दाबून ठेवला की पट्टी घट्ट होते.

मग वक्र भाग. शटलचे मधले अंग सोपे आहे. सुमारे अर्ध्या मीटरच्या व्यासाला वेढा घालायला पावणेआठशेच्या आसपास काड्या उभ्या लागतात आणि शेजारच्या दोन काड्यांमधला कोन अर्ध्या अंशाच्या आसपास राहतो, त्यामुळे कडा तासाव्या लागत नाहीत. नाकाशी मात्र पृष्ठभाग दोन्ही दिशांनी वळतो. तिथे सारख्या रुंदीच्या काड्या बसत नाहीत. एकेक काडी टोकाकडे निमुळती करावी लागते. लाकडी होडीच्या फळ्या नाळेकडे निमुळत्या होत जातात, तेच हे तंत्र. काडी वाकवायची असेल तर गरम पाण्यात मऊ करून साच्यावर बांधतात किंवा पकडीने ठिकठिकाणी हलकी चेपतात. नाकाला जेवढा वेळ जातो तेवढा अख्ख्या पंखाला जात नाही आणि प्रतिकृती चांगली की सामान्य, हे तिथेच ठरते.

या क्षेत्रात अमेरिकेतल्या आयोवा राज्यातले पॅट ॲक्टन यांचे नाव आदराने घ्यावे लागते. 1977 मध्ये काड्यांच्या एका लहान चर्चपासून सुरुवात करून ते शटलपर्यंत आणि आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकापर्यंत पोहोचले. ग्लॅडब्रुक गावात त्यांच्या कामाचे संग्रहालय आहे.

शेवटचा मुद्दा हवेचा. लाकूड आडव्या दिशेने फुगते, लांबीत जवळजवळ नाही. कोकणातल्या पावसाळ्यात आतबाहेर दोन्हीकडून रोगण न दिलेले कवच तडकते. यान खोलीबाहेर काढता यावे म्हणून कण्यावर बोल्टने जुळणारे तीन-चार सुटे भाग सुरुवातीलाच आखावेत आणि प्रत्येक भाग दारापेक्षा अरुंद ठेवावा. तयार यान उन्हापासून, ओलीपासून आणि वाळवीपासून दूर, काचेच्या पेटीत ठेवावे.