छेद लहान, प्रश्न मोठा

माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश. म्हसवडच्या उन्हात दिवसभर राबणाऱ्याचे घामावाटे गेलेले पाणी पुरेसे भरून निघाले नाही, तर लघवी दाट होते आणि मुतखड्याचा धोका वाढतो. खड्याने वाट अडली आणि दुखणे अंगावर काढले, की मूत्रपिंड हळूहळू निकामी होते. मग काही वेळा ते काढून टाकण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

१८६९ मध्ये जर्मनीतील हायडेलबर्ग येथे गुस्ताव्ह सायमन यांनी मूत्रपिंड काढण्याची पहिली नियोजित शस्त्रक्रिया यशस्वी केली. उरलेल्या एका मूत्रपिंडावर माणूस जगू शकतो, हे तिने दाखवून दिले. त्यानंतर सुमारे १२० वर्षे मोठा छेद घेण्याला पर्याय नव्हता. १९९० मध्ये अमेरिकेत सेंट लुईस येथे राल्फ क्लेमन यांनी हेच काम प्रथम दुर्बिणीने केले. पोटात वायू भरून तीन-चार छिद्रांतून कॅमेरा व हत्यारे घालावयाची, असे हे तंत्र आहे. त्यात वेदना कमी होतात आणि रुग्ण लवकर घरी जातो. मोठ्या छेदानंतर जड कामाला सहसा दीड-दोन महिने मनाई असते. दुर्बिणीनंतर हा काळ बराच घटतो.

हातावर पोट असलेल्याच्या दृष्टीने हा फरक चैनीचा नव्हे. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा भार हलका करते. बुडालेली मजुरी मात्र ती भरून देत नाही.

तथापि, जुनी पद्धत टाकाऊ ठरली, असा समज करून घेणे घातक होय. गाठ फार मोठी असेल, ती मुख्य शिरेत शिरली असेल किंवा जुन्या जंतुसंसर्गाने भोवतालचे अवयव चिकटले असतील, तर उघडी शस्त्रक्रियाच अनेकदा अधिक सुरक्षित ठरते. दुर्बिणीने आरंभ करून ऐनवेळी छेद घेणे हेही शल्यविशारदाचे अपयश नसून तारतम्य होय.

म्हणून कोणती पद्धत हे रोगाने ठरवावे. रुग्णाच्या खिशाने किंवा गावापासूनच्या अंतराने नव्हे. साताऱ्यात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुर्बिणीची सामग्री आणि ती सराईतपणे हाताळणारे हात तेथे कायम असले पाहिजेत. त्याहून निकडीचे काम म्हसवडमध्येच आहे: कुशीत कळ येताच सोनोग्राफी झाली आणि खडा वेळीच निघाला, तर अनेकांवर मूत्रपिंड गमावण्याची पाळीच येणार नाही.