डब्यांतील वाटीभर उसळ

आमचें नाशिक शहर मिसळीसाठीं प्रसिद्ध आहे. परंतु मिसळींतील खरें धन वरची शेव किंवा तांबडी तर्री नसून तळाची मोडाची मटकी होय, हें आपण विसरतों.

शरीराची बांधणी करणें व झीज भरून काढणें हें प्रथिनांचें मुख्य कार्य. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणें प्रौढ मनुष्यास वजनाच्या दर किलोमागें रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनें हवींत. वाढत्या मुलांस त्या मानानें किंचित अधिकच. शंभर ग्रॅम कोरड्या मटकींत तीं सुमारें वीस ग्रॅम असतात. धान्यांत लायसीन हें अमिनो आम्ल कमी, तें कडधान्यांत विपुल. कडधान्यांतील मेथिओनीनची उणीव धान्य भरून काढतें. म्हणून बाजरीची भाकरी व मटकीची उसळ ही जोडी केवळ रुचीची नव्हे, शास्त्राचीही आहे. दूध व अंडें यांची जोड मिळाल्यास उत्तमच.

असें असतां कित्येक पालक महागड्या भुकटीवर पैसा खर्चितात आणि मुलांच्या डब्यांत मात्र पोळी व बटाट्याची भाजी एवढेंच देतात, हें आम्हांस विपरीत वाटतें. याहून खेदाची गोष्ट ही कीं, पुष्कळ घरीं तळाची दाट आमटी मुलाच्या पानांत पडते व वरचें पाणी मुलीच्या आणि आईच्या वांट्यास येतें. शरीराची गरज हा भेद जाणत नाहीं.

प्रार्थनेंत आपण रोजची भाकर मागतों. तिजसोबतची डाळही सर्वांस सारखी वाढली पाहिजे. विद्यार्थ्यांनो, आज जेवावयास बसाल, तेव्हां प्रथम आईच्या पानाकडे पाहा.