खलनायक एकटा ओलाफ नाही

मुलांच्या गोष्टीत दुष्ट माणूस पहिल्या पानावरच ओळखू येतो, असं आपण समजतो. लेमनी स्निकेट या टोपणनावाने डॅनियल हँडलर यांनी लिहिलेली ‘द बॅड बिगिनिंग’ (१९९९) ही अमेरिकन कादंबरी हसवत हसवत हा समज मोडते.

आगीत आईवडील गमावलेली व्हायोलेट, क्लॉस आणि तान्ही सनी काउंट ओलाफच्या ताब्यात दिली जातात. त्याचा डोळा त्यांच्या वारशावर. तो मुलांना राबवतो, क्लॉसला मारतो. मुलं बँकेतल्या मिस्टर पो यांच्याकडे तक्रार नेतात. पो दुष्ट नाहीत; सभ्य आहेत, कायम कामात आहेत. त्यांचं उत्तर: कायद्याने ओलाफच तुमचा पालक, तो ठरवील तसं वागा. विषय संपला!

ओलाफचा जुलूम अशा सभ्य माणसांच्या जोरावरच चालतो. नाटकाच्या नावाखाली १४ वर्षांच्या व्हायोलेटशी खरंखुरं लग्न लावण्याचा डावही तो कायद्यात बसवूनच रचतो. क्लॉस रात्रभर कायद्याचं पुस्तक वाचून तो ओळखतो. कायद्याला ‘स्वहस्ते’ सही हवी. उजव्या हाताने लिहिणारी व्हायोलेट डाव्याने सही करते आणि लग्न रद्द ठरतं.

पण पुढे काय? न्यायाधीश स्ट्रॉस मुलांना सांभाळायला तयार असतात. मृत्युपत्रात नातेवाईकच सांगितलाय म्हणून पो नकार देतात. मुलांना मात्र कुणीच विचारत नाही.

मुलांनी हे पुस्तक वाचावंच. पण मुलांच्या तक्रारी ज्यांच्यापर्यंत येतात, त्या कार्यकर्त्यांनी आधी वाचावं आणि स्वतःला विचारावं: आपण पो तर झालो नाही ना?