आधी तंग सैल करा

कोणत्याही रायडिंग क्लबात सकाळची पहिली तुकडी सुटते, तेव्हा कुंपणाशी उभे राहावे आणि स्वाराकडे पाहू नये. घोड्याच्या पोटाखाली पाहावे.

मुलगा उतरतो. उतरणे त्याला चांगले शिकवलेले असते. लगाम डाव्या हातात, दोन्ही पाय रिकिबीतून बाहेर, उजवा पाय मागून वरून, आणि गुडघे वाकवून जमिनीवर. आई फोटो काढते. मग तो लगाम सईसाच्या दिशेने धरतो, पार्किंगवाल्याकडे गाडीची किल्ली द्यावी तसा, आणि हेल्मेटचा बंद सोडत कँटीनकडे निघतो. स्वतःचा बंद त्याला आठवतो. घोड्याचा तंग चढण्याआधी ज्या भोकात अडकवला होता, त्याच भोकात राहतो.

खोगीर जागेवर धरून ठेवणारा हा पट्टा पुढच्या पायांच्या मागे, बरगड्यांभोवती आवळलेला असतो. तो सैल करणे म्हणजे काय? रिकिबी वर सरकवायच्या, खोगिराची बाजू उचलायची, बक्कल दोन भोके खाली घ्यायचे. खोगीर काढायचे नाही, कारण घोडा अजून चालवायचा आहे. पूर्ण सोडायचाही नाही, नाहीतर खोगीर घसरून पोटाखाली जाईल. फक्त दोन भोके. सहावीतल्या मुलाच्या बोटांना हे सहज जमते. वेळ लागतो दहा सेकंदांचा. त्यानंतर लगाम धरून दहा मिनिटे घोड्याबरोबर पायी फिरायचे. श्वास खाली आला की खोगीर उतरवायचे, तंगाखालची जागा हाताने चाचपायची, खुरांतले खडे काढायचे, पाणी दाखवायचे. या यादीत अवघड असे काही नाही. म्हणूनच ती न होण्याचे कारण शोधावे लागते.

घोड्याच्या स्नायूंत जळणाऱ्या ऊर्जेतला जेमतेम पाव हिस्सा हालचालीला लागतो. बाकीची उष्णता होते. मोठे अंग, त्या मानाने कातडी थोडी, त्यामुळे ती बाहेर पडायला वेळ लागतो. उभ्या घोड्याची नाडी मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. रपेटीनंतर दोन्ही आकडे कुठच्या कुठे गेलेले असतात. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. जे काही आहे ते नाकपुड्यांतून आणि बरगड्या फुलवून. नेमक्या त्या बरगड्यांवर पट्टा आवळलेला ठेवून आपण चहा मागवतो.

चहाबरोबर चर्चाही होते, आणि ती घोड्यांचीच असते. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतावे की नाही, हा आवडता विषय. ओतले तर स्नायू आखडतात, असे कुणीतरी ठामपणे सांगतो. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकआधी दमट उष्म्यात घोड्यांवर यासाठी मुद्दाम प्रयोग झाले आणि भरपूर गार पाणी वापरण्याची भीती निराधार ठरली, हे त्याच्यापर्यंत पोचलेले नसते. ते असू दे. ज्या घोड्यावरून वाद चालला आहे तो वीस पावलांवर तोबऱ्याविना, पाण्याविना, आवळलेल्या तंगात उभा असतो. त्याच्याकडे वादातल्या कुणाचीच पाठ नसते. सगळे त्याच्याकडे तोंड करून बसलेले असतात.

हटकले तर उत्तर तयार असते. सईस आहे ना.

सईस आहे. त्याच्या हातात त्या वेळी आणखी दोन लगाम असतात आणि तिसरा घोडा पुढच्या तुकडीसाठी कसायचा असतो. तो तंग सैल करील, पण त्याच्या रांगेत या घोड्याचा नंबर लागेल तेव्हा. ती रांग घोड्याला समजत नाही. आणि 'बाबा, उतरलास तर आधी तंग सैल कर' हे वाक्य सईस उच्चारू शकत नाही. उच्चारायला बंदी कुठे लिहिलेली नाही. पण ज्याच्या पालकाने वर्षाची फी भरली आहे त्या मुलाला सईसाने काही सांगायचे नसते, हे तबेल्यातल्या सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेले आहे. मुलाला मैदानात शिकवायला सर असतात. मैदानाबाहेर शिकवू शकणारा एकच माणूस असतो आणि त्याची पायरी आपण ठरवलेली असते.

पुढचा भाग जास्त खटकणारा आहे. घामाने भिजलेल्या कातडीवर पट्टा घासून पुढच्या पायामागे जखम होते. ती दिसते सईसाला, खरारा करताना. तो ती दाखवतो आणि बोलणी त्यालाच बसतात. खरारा नीट झाला नव्हता. तंग धुतला नव्हता. खोगिराखालचे कापड दुमडले होते. जखमेआधी त्या तंगात घोड्याला कोण सोडून गेले, याची चौकशी झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

घोडाही शिकतो. तंग आवळायला माणूस आला की तो कान मागे टाकतो, पोट फुगवतो, दात दाखवतो. मग त्याच्या नावापुढे 'खोडकर' लागते. त्याला कसायला दोन माणसे लागतात, एक तोंडाशी आणि एक बाजूला. नव्या मुलांना बजावले जाते की याच्यापासून सांभाळून. या घोड्याला असे व्हायला कोणी शिकवले, हे मात्र त्यांना सांगितले जात नाही.

सगळा दोष मुलांवर टाकून मोकळे होऊ नये. मोठ्यांचे आणखी वाईट. हौशी मालकाचा घोडा क्लबात बांधलेला असतो आणि त्याला तो रविवारी भेटतो. रपेट संपते, फोन वाजतो, आणि मालक खोगिरात बसूनच बोलत राहतो. घोडा उभा, घाम ठिबकतो आहे, वर ऐंशी किलोंचा माणूस मिटिंगची वेळ बदलतो आहे. उतरल्यावर तो घोड्याच्या मानेवर दोनदा थाप मारतो. थाप खरी असते, प्रेमही खरे असते. तंगाला मात्र हात लागत नाही. ही माणसे क्रूर नाहीत. क्रूर असती तर हटकणे सोपे होते.

क्लबांची वेळापत्रके या सवयीला पाणी घालतात. तास पंचेचाळीस मिनिटांचा. शेचाळिसाव्या मिनिटाला त्याच घोड्यावर दुसरे मूल. एका क्लबात आम्ही प्रशिक्षकांना याबद्दल विचारले. त्यांचे म्हणणे असे की सैल करून काय करायचे, लगेच परत आवळायचाच आहे. उत्तर प्रामाणिक होते. त्या वेळापत्रकात उतरल्यानंतरच्या दहा मिनिटांना जागाच नाही, कारण त्या दहा मिनिटांचे पैसे कुणी घेत नाही आणि कुणी देत नाही. पालक विकत घेतात ते बसणे. उतरल्यापासून पुढचे सारे क्लबाचे घरगुती काम ठरते.

हे असेच असावे लागते, असे नाही. लांब पल्ल्याच्या घोडदौडीचा, म्हणजे एन्ड्युरन्सचा, नियम पाहा. टप्पा संपल्याची रेषा ओलांडली की स्वाराचे घड्याळ थांबत नाही. घोड्याला पशुवैद्यापुढे उभे करायचे, नाडी ६४पर्यंत उतरलेली दाखवायची, तेव्हा थांबते. त्यामुळे तिथला स्वार रेषेपाशी उडी मारून उतरतो आणि पहिला हात तंगाला घालतो. त्याला भूतदया शिकवावी लागलेली नाही. नियमाने दहा मिनिटे त्याच्या वेळात मोजली, एवढेच.

घोडदळांतही मुक्कामाच्या आधीचा टप्पा उतरून, घोडा हाती धरून चालत काटण्याची रीत होती. घोड्याच्या काळजीचे आपल्याकडचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, निदान अर्धे. चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदार-हवालदारांना शिवाजी महाराजांनी लिहिलेले पत्र रयतेच्या काळजीसाठी नेहमी वाचून दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. त्याच पत्रात चंदी-वैरणीचा हिशेब आहे: आताच सारे संपवाल तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारलीत असे होईल, असा त्याचा आशय. गवताजवळ चुली पेटवणाऱ्यांना तंबी आहे. रात्री जळती वात उंदीर ओढून नेईल, इतक्या बारीक गोष्टीची आठवण आहे. राज्याभिषेकाच्या सुमाराला, सारा दख्खन अंगावर असताना, राजाला पागेतल्या वातीकडे लक्ष द्यायला फुरसत होती. भाषणात हा भाग गाळला जातो. घोड्यावर बसलेला पुतळा चौकात उभा करता येतो, वैरणीच्या हिशेबाचा करता येत नाही.

माथेरानच्या घोड्यांचे हाल होत नाहीत, असे म्हणणार नाही. पण तिथे एक गोष्ट पाहण्यासारखी असते. पर्यटक एखाद्या पॉइंटच्या कठड्याशी गेला की जाणता घोडेवाला न सांगता हात खाली घालून तंग ढिला करतो, आणि पर्यटक परतला की पुन्हा कसतो. त्याला कुणी प्रमाणपत्र दिलेले नाही. त्याच्या घरची चूल त्या बरगड्यांवर चालते आणि हे तो जाणतो. शहरातल्या क्लबातल्या मुलाकडे चांगले बूट, मापाचे हेल्मेट, ब्रीचेस आणि लेव्हलचे सर्टिफिकेट असते.

हांगझोऊच्या एशियाडमध्ये २०२३ साली ड्रेसाजच्या संघाने सुवर्ण आणले, घोडेस्वारीत एक्केचाळीस वर्षांनी. संघात मुंबईचा हृदय छेडाही होता. अनुष अगरवालाने वैयक्तिक कांस्यही मिळवले. त्याच्या घोड्याचे नाव एट्रो. या खेळाच्या निकालपत्रात स्वाराच्या नावाशेजारी घोड्याचे नाव छापलेले असते, ते शोभेसाठी नसते. आपल्या मुलाने गेल्या आठवड्यात कोणता घोडा वापरला, हे किती पालकांना सांगता येईल? किती मुलांना?

मागणी लहान आहे. तास पंचावन्न मिनिटांचा करावा आणि शेवटची दहा मिनिटे फीमध्ये धरावीत. उतरलेल्या मुलाच्या हातून लगाम घेण्यास सईसाला मनाई करावी, आणि घोडा फिरवून आणेपर्यंत मुलाला कँटीनमध्ये काही मिळू नये. तंग सैल न करता निघालेल्याला, मग तो कुणाचाही मुलगा असो वा स्वतः मालक असो, हाक मारून परत बोलावण्याचा अधिकार सईसाला लेखी द्यावा. क्लब यातले आपणहून काही करणार नाहीत, कारण दिवसभरातली अशी दहा-दहा मिनिटे वाचवली की आणखी एक तास बसतो, असा त्यांचा हिशेब आहे. तो बदलू शकतात फक्त फी भरणारे.

तेव्हा पालकांनी प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी किती घोडे आहेत, मैदान केवढे आहे, सर कुठले आहेत हे खुशाल विचारावे. त्याबरोबर एवढेही विचारावे की मूल उतरल्यावर तंग कोण सैल करते. 'त्याची काळजी नको, सईस करतो' असे उत्तर मिळाले, तर अर्ज परत घ्यावा.