केमोच्या रुग्णाला मलम नको, तपासणी हवी

सप्टेंबर २०२३ मध्ये जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत मनोज जरांगे यांचे मराठा आरक्षणासाठीचे उपोषण सुरू असताना त्यांच्या प्रकृतीची बातमी रोज राज्यभर पोहोचत होती. पण त्याच तालुक्यातला लिम्फोमाचा, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कर्करोगाचा रुग्ण छत्रपती संभाजीनगरहून केमो घेऊन गावी परततो, तेव्हा पुढचे दोन-तीन आठवडे त्याची काळजी घरच्यांवरच असते. याच काळातले मोठे संकट अनेकदा आधी कातडीवर दिसते. म्हणून अशा रुग्णाचे गळू, नागीण किंवा काळा पडणारा डाग किरकोळ न मानता तातडीने तपासला पाहिजे.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसादरम्यान पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. पू होतो तो मुख्यतः याच पेशींमुळे. त्या नसल्या की संसर्ग आत पसरत असूनही वर ना पू दिसतो, ना फारशी सूज. शिवाय लिम्फोमाच्या उपचारात बहुधा प्रेडनिसोलोन असते. हे स्टेरॉइड ताप आणि लालीही दाबते. त्यामुळे कापूस वेचताना बोंडाचे टोक टोचले किंवा उसाच्या पानाने चिरले, तरी ती जखम साधी राहीलच असे नाही. स्यूडोमोनास हा जंतू रक्तात उतरला, तर कातडीवरचा लाल डाग मधोमध काळा पडतो आणि जीव धोक्यात येतो. नागीणही एका पट्ट्यात न थांबता अंगभर पसरू शकते.

इतक्या विरळ आजारासाठी तातडीच्या तपासणीचा एवढा आग्रह कशाला, असे कोणी विचारेल. पण पांढऱ्या पेशी घटण्याचा धोका इतर अनेक कर्करोगांच्या केमोतही असतो. प्रत्येक खाज शहरात पाठवायची का, हा आक्षेप रास्त आहे. तसे करायचे कारण नाही. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा जास्त ताप, जखमेच्या मानाने असह्य वेदना, वेगाने पसरणारी किंवा काळवंडणारी त्वचा, अंगभर फोड, एवढ्या खुणा पुरेत. दुकानातले स्टेरॉइड मलम मात्र निरुपद्रवी नाही. काही लिम्फोमा त्वचेतच सुरू होतात आणि वर्षानुवर्षे इसबासारखे दिसतात. मलमाने चट्टा फिका पडतो आणि निदान लांबते. केंद्राने २०१८ मध्ये अशी १४ मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत टाकली, ती याच वर्गातल्या औषधांच्या गैरवापरामुळे.

उपाय खर्चिक नाही. कर्करोग रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाला मराठी कार्ड द्यावे: शेवटच्या केमोची तारीख, धोक्याच्या खुणा, चोवीस तास उचलला जाणारा फोन. आशा सेविकेने ते वाचावे आणि प्राथमिक आरोग्य केंद्राने खूण दिसताच १०८ रुग्णवाहिका बोलवावी. केमोनंतरच्या अशा तापात शिरेतून प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाभरात द्यावा, हा वैद्यकाचा मान्य नियम आहे. जालन्यात २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. हा नियम जिल्ह्यात पाळला जाईल, ही जबाबदारी त्याने घ्यावी.